गाळलेली जागा

दुबईच्या देरा भागातल्या एका हॉटेलच्या दर्शनी दालनात, स्वागतकक्षासमोरच्या भिंतीवर, एक मोठे चित्र टांगलेले होते. रुंदी सुमारे सात फूट, उंची साडेचार. डाव्या कडेपासून दोन हात आणि खालच्या कडेपासून एक हात मोजले, की तळहाताएवढा एक तुकडा लागत असे. त्या तुकड्यातले एकशे एकवीस ठिपके माझे होते. बाकीचे सगळे चित्र ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात जन्मलेल्या एका वृद्ध आदिवासी चित्रकर्तीचे होते. ते विकण्यासाठी काढलेले नव्हते, ते तिच्या नातीसाठी होते. माझ्या ठिपक्यांमुळे ते नातीला मिळाले नाही.

हे इतके थोडक्यात सांगता येते. पण थोडक्यात उत्तर लिहिणाऱ्याला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. म्हणून क्रमाने सांगते.

मी चित्रकलेची शिक्षिका. माण भागातल्या एका कोरड्या नदीच्या काठावर वाढले. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा 'अ' श्रेणीत उत्तीर्ण झाले, ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका घेतली आणि लग्नानंतर दुबईला येऊन अल कुसैसमधल्या एका भारतीय शाळेत रुजू झाले. ज्यांनी या परीक्षा दिल्या नसतील त्यांच्यासाठी दोन विषयांतला फरक सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्या फरकावर अवलंबून आहे. स्मरणचित्रात एखादा पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा असतो. तिथे हात थोडा चुकला तरी चालते, आठवण खरी हवी. संकल्पचित्रात दिलेल्या चौकोनात किंवा वर्तुळात नक्षी बसवायची असते. तिथे मोजमाप हवे, दोन्ही बाजू सारख्या हव्यात आणि जागा पूर्ण भरलेली हवी. संकल्पचित्रात मोकळा तुकडा राहिला की परीक्षक गुण कापतो. मीही कापत असे.

शाळेत माझ्या विषयाला फारशी किंमत नव्हती. गणिताचा भाग मागे पडला की चित्रकलेचा तास गणिताला जाई. संमेलन आले की मला थर्माकोलचे मोर कापायला बसवत. मला मान होता तो एकाच ठिकाणी: दिवाळीत मराठी मंडळी जमत, तिथल्या रांगोळीच्या स्पर्धेत. तीन वर्षे ओळीने पहिला क्रमांक माझा होता. माझी रांगोळी ठिपक्यांची. दोरा किंवा कागद न वापरता अकरा ओळी अकरा ठिपके मी सरळ टाकत असे, आणि लोक वाकून पट्टी लावून पाहत.

नव्वदचे दशक संपत आले होते, तेव्हा अशाच एका दिवाळीत एका गॅलरीचा व्यवस्थापक मला भेटला. मूळचा नाशिकचा. बारा वर्षे आखातात राहून त्याची मराठी तीन भाषांची झाली होती.

"बाई, तुमचा सब्जेक्ट येतोय दुबईत," तो म्हणाला. "ऑस्ट्रेलियाची आजी. डेझर्ट पेंटिंग. सगळं काम ठिपक्यांचं. हॉटेलच्या हॉलमध्ये बसून तीन वीक पेंट करणार. तिला मदतीला लेडीज पाहिजे, इंग्लिश येणारी, रंग समजणारी. माझ्यासमोर तर एकच नाव आहे."

मी लगेच होकार दिला. आमच्या शाळेत मुलींचे वर्ग सकाळी भरत, त्यामुळे दीडनंतर मी मोकळी होते. ठरलेले असे होते: आजी सात चित्रे काढील. सहा गॅलरीची. सातवे, सर्वांत मोठे, तिचे स्वतःचे. ते प्रदर्शनात लागेल, पण विक्रीला नाही. प्रदर्शन संपल्यावर ते गुंडाळून ती घरी नेणार होती. ही अट तिनेच घातली होती आणि ती कागदावर लिहिलेली होती. मी तो कागद वाचला होता.

तिच्या वस्तीतल्या कलाकेंद्राचा एक माणूस सोबत येणार होता. तो ऐन वेळी आजारी पडला. त्यामुळे विमानतळावर दोघीच उतरल्या: आजी आणि तिची विशीतली नात.

हॉटेलचे नोंदणीपत्रक मी भरले. आजीच्या पारपत्रावर जन्मतारीख एक जुलै होती. मी नातीकडे पाहिले, तेव्हा ती हसून म्हणाली, "आमच्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. सरकारी बाबूनं एकदाच ठरवून टाकला." माझ्या वडिलांची तारीख एक जून आहे, तीही अशीच, शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरवलेली. हे मी तिला सांगितले. तिने ते आजीला त्यांच्या भाषेत सांगितले. आजीने माझ्या हातावर थाप मारली आणि म्हणाली, "तुझा बाप महिनाभर मोठा."

तिचे आयुष्य मला तुकड्यातुकड्याने कळले, बहुतेक नातीकडून. लहानपणी ती आईवडिलांबरोबर एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे चालत असे. त्या मुलखात नदी म्हणजे वाळू. वाळू हाताने उकरली की खाली पाणी झिरपते. आमच्या माणदेशात त्याला झिरा म्हणतात. मी हा शब्द सांगितला तेव्हा आजीने तो दोन-तीनदा तोंडात घोळवला. तिच्या वडिलांचा असा एक झिरा होता. त्यांचा म्हणजे त्यांनी सांभाळायचा, उकरायचा, त्याचे गाणे म्हणायचे. मग एक दिवस एक ट्रक आला आणि सगळ्यांना मिशनच्या वस्तीवर घेऊन गेला. तिथे शाळा होती. वाळूत बोटाने खुणा काढल्या की शिक्षिका हातावर पट्टी मारी. पुढे तिने गुरांच्या एका मोठ्या ठाण्यावर तीस वर्षे स्वयंपाक केला. वस्तीवर रंगांचे डबे आले तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. तेव्हापासून ती चित्रे काढत होती, आणि तेव्हापासून तिचे नाव झाले होते.

ती मला 'टीचर' म्हणे. रंगाची वाटी पुढे करताना हात मागे ओढून विचारी, "टीचर, आज मारणार का?" नात खो खो हसे. मीही हसे. पहिल्या आठवड्यात तरी मी तो मान समजत होते.

तिची काम करण्याची रीत मी वहीत टिपून ठेवली होती, ती अशी. कॅनव्हास जमिनीवर अंथरायचा. त्यावर गेरूसारखा लाल रंग चढवायचा. मग त्यावरच जाऊन बसायचे. आधी गोल काढायचे: गोल म्हणजे पाणी. मग रेघा: रेघा म्हणजे चालत जाण्याच्या वाटा. मग कंसासारख्या खुणा: माणूस वाळूत मांडी घालून बसला आणि उठून गेला की मागे उरतो तो आकार. आणि हे सगळे झाल्यावर, सर्वांत शेवटी, ठिपके. ब्रशाने नव्हे, काडीने. मी आगपेटीच्या काड्या नेल्या होत्या, त्या तिने बाजूला सारल्या. मग समोरच्या कॅफेटेरियातून कबाबच्या लाकडी काड्या आणल्या, त्या तिला पसंत पडल्या. ठिपके टाकताना ती हलक्या आवाजात गात असे. गाणे थांबले की काडी थांबे. ठिपके कुठे दाट, कुठे विरळ, कुठे एकमेकांवर चढलेले. पट्टी लावून पाहिले असते तर एकही ओळ सरळ निघाली नसती.

"याची वरची बाजू कुठली?" मी पहिल्याच दिवशी विचारले. चित्र टांगण्यासाठी ते ठाऊक असणे आवश्यक होते.

तिने नातीकडून प्रश्न समजून घेतला आणि मला उलट विचारले, "तू तुझ्या गावात उभी राहतेस तेव्हा गावाची वरची बाजू कुठली?"

व्यवस्थापक मागे उभा होता. "आजी, लिफ्टच्या बाजूची," तो म्हणाला, आणि त्याच बाजूला पेन्सिलीने बाण काढून मोकळा झाला.

एकदा मी तिला आमची रांगोळी काढून दाखवली. कागदावर नऊ ते नऊ ठिपके टाकले आणि ते जोडून कमळ काढले. ती फार लक्ष देऊन पाहत होती.

"ही जागा कुठली?" तिने विचारले.

"जागा नाही. कमळ आहे."

"कुठलं कमळ?"

"कुठलंही."

"कुणाचं?"

"कुणाचंच नाही. नक्षी आहे."

तिने माझ्याकडे पाहिले. वर्गात एखाद्या मुलीने डबा आणलेला नसला की मी तिच्याकडे जसे पाहत असे, तसे. मग कागद नीट घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवला.

त्या दिवसानंतर ती मला काडी देऊ लागली. चित्राच्या कडेकडेची नुसती वाळू, जिथे कुठलेही पाणी नाही, वाट नाही, तिथले ठिपके मी टाकायचे. ती हाताने हद्द दाखवी: इथपर्यंत. त्या हद्दीच्या आत तिने मला काडी कधीही टेकवू दिली नाही. मी याचा अर्थ असा लावला की आतले काम बारीक आहे आणि माझ्या कौशल्याची तिला अजून खात्री पटलेली नाही. खात्री पटवायची, असे मी मनाशी ठरवले.

सातवे चित्र तिने दुसऱ्या आठवड्यात घेतले. हे तिच्या वडिलांच्या झिऱ्याचे. इतर सहा काढताना ती गप्पा मारी, चहा पिई, व्यवस्थापकाची थट्टा करी. हे काढताना नात तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसे, आणि आजी प्रत्येक वाट बोटाने दाखवून तिला काही सांगे. नात ते परत म्हणून दाखवी. चुकले तर आजी मान हलवी आणि दोघी पुन्हा सुरुवातीपासून म्हणत. मला ही पद्धत चांगली ओळखीची होती. पाढे आम्ही असेच पाठ करून घेतो.

चित्र पूर्ण होत आले तेव्हा तीन मोठ्या गोलांच्या मधोमध तळहाताएवढी जागा तशीच उरली होती. लाल, उघडी. मी नातीला विचारले, "इथे काय येणार?"

"ती जागा माझी आहे," ती म्हणाली. "घरी गेल्यावर सगळ्या मावश्या बसतील, आजी बसेल, आणि मग ती मी भरेन. भरली की तो झिरा मी सांभाळायचा. तोवर ती उघडी राहते."

"छान," मी म्हणाले.

रोज चाळीस वह्यांत लाल शाईने जो 'छान' मी लिहीत असे, तोच हा. त्यासाठी काही वाचावे लागत नाही. सांगायचे एवढेच, की मला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही. मला सांगितलेले होते. मंगळवार होता.

गुरुवारी दुपारी आजीला समुद्र पाहायचा होता. तिने तो कधीच पाहिला नव्हता. हॉटेलची गाडी दोघींना अल ममझरच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. शुक्रवारी संध्याकाळी प्रदर्शनाचे उद्घाटन होते. मी एकटी हॉलमध्ये चित्रांमागे चिठ्ठ्या चिकटवत होते. व्यवस्थापक आला आणि सातव्या चित्रापाशी थांबला.

"बाई, मधे हे भोक काय ठेवलंय?"

"ती जागा नात भरणार आहे. घरी गेल्यावर."

"घरी गेल्यावर? आणि उद्या हॉटेलचे मालक विचारतील तेव्हा मी काय सांगू, रंग खलास झाला?"

"पण हे विकायचं नाहीच आहे."

"विकायचं नाही, टांगायचं तर आहे! ब्रोशरमध्ये सेव्हन पेंटिंग्ज छापलंय. सहा लावून सातव्या खिळ्याला मी माझी बॅग लटकवू?"

"आजी आल्या की विचारते."

"विचारा, आणि मग त्या दोघी दोन दिवस मीटिंग घेत बसतील. तुम्ही ठिपके टाकलेच आहेत ना तिच्या बाकीच्या चित्रांत?"

"ते बाहेरचे होते."

"बाहेरचे नि आतले! बाई, ठिपका म्हणजे ठिपका. आणि खरं सांगू? तुमचे तिच्यापेक्षा सरळ येतात." त्याने घड्याळ पाहिले. "मी जेवून येतो. यल्ला, चला, बघा तुम्हाला काय वाटतं ते."

तो गेला. या ठिकाणी मला विशेष काळजीपूर्वक लिहिले पाहिजे. त्याने मला भाग पाडले, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आले. ते खरे नाही. त्याने मला एक वाक्य ऐकवले आणि तो बिर्याणी खायला गेला. माझ्या हातात दोन तास होते, दार उघडे होते, आणि मी काहीही न करता चिठ्ठ्या चिकटवत राहिले असते तर कोणी मला एक शब्द बोलणार नव्हते. मी पर्समधून पट्टी काढली.

ती जागा मी मोजली. दोन्ही बाजूंनी दहा सेंटिमीटर, जवळजवळ चौरस. अकरा ते अकरा अगदी बरोबर बसत होते. पांढरा रंग मी सायीइतका दाट कालवला, म्हणजे ठिपका पसरत नाही. पट्टी धरून कडेला खडूच्या खुणा केल्या. काडी दर ठिपक्याला पुसून घेतली. चाळीस मिनिटे लागली. मी गात नव्हते, मोजत होते. शेवटचा ठिपका टाकून उठले तेव्हा मला फार समाधान वाटले, हेही लिहिले पाहिजे. संकल्पचित्र पूर्ण झाले होते. कुठेही मोकळी जागा नव्हती.

चारच्या सुमारास त्या परतल्या. आजीचा झगा गुडघ्यापर्यंत ओला होता आणि ती खुशीत होती.

"टीचर! एवढं पाणी!" तिने दोन्ही हात पसरले. "आणि पिता येत नाही! कुणाचं आहे ते? त्यानं नीट सांभाळलेलं नाही."

नात हसत होती. मग तिचे हसू थांबले. तिने आजीच्या कोपराला हात लावला.

आजी चित्रापाशी गेली. ती आधी त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारून आली, जशी ती रोज काम सुरू करण्यापूर्वी मारी. मग वाकली आणि एका ठिपक्यावर बोट टेकवले. अ‍ॅक्रिलिक रंग लवकर वाळतो. बोटाला काही लागले नाही. तिने दुसऱ्या ठिपक्यावर टेकवले, मग तिसऱ्यावर. नातीने त्यांच्या भाषेत काही विचारले. मग आजी माझ्याकडे वळली आणि हात पुढे केला, तळवा वर.

"टीचर," ती म्हणाली, "किती मार्क?"

या वेळी कोणी हसले नाही. तिने हात मागेही ओढला नाही.

मी घाईघाईने बोलू लागले. ओल्या फडक्याने पुसता येईल. नाहीतर वरून लाल रंगाचा हात देते, अगदी पहिल्यासारखे दिसेल. नात म्हणाली, "लाल लावलं तरी खाली तुम्ही असालच."

"मग आजींना नवीन काढता येणार नाही का? मी थांबते. मी रजा घेते. कॅनव्हास मी आणते."

"ती मला सांगत होती ते ऐकलंत ना तुम्ही, रोज? ते सांगणं या चित्रात संपायचं होतं. ते तिथं, त्या जागेत, माझ्या हातानं." ती रागावलेली नव्हती. एखाद्या मंद मुलीला समजावून सांगावे तसे सावकाश बोलत होती, आणि मंद मुलीशी कसे बोलावे हे मला चांगले ठाऊक आहे. "आता तिथं तुम्ही बसला आहात. तुम्हाला तिथलं गाणं येतं का?"

"नाही."

"मग झालं. जागा तुमच्याकडे, आणि गाणं तुम्हाला येत नाही."

आजी व्यवस्थापकाशी बोलत होती. मला फक्त तिचे मोडके इंग्रजी ऐकू आले: हे आता तुझं, विक. ती थकलेली दिसत होती. तिने कोपऱ्यातली पाण्याची वाटी उचलली, काड्या धुतल्या आणि पुसून एका कागदात गुंडाळल्या. तो कागद माझ्या कमळाचा होता.

व्यवस्थापक मला दारापर्यंत सोडायला आला. "बघा बाई," तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? सातही मिळाली. आजीला पण फिनिशिंग पटलं."

उद्घाटन झाले. मालकांनी सातवे चित्र पसंत केले आणि ते हॉटेलच्या दर्शनी दालनासाठी घेतले. मला एक प्रशस्तिपत्रक मिळाले. मुख्याध्यापिकांनी ते प्लास्टिकमध्ये बंद करून आपल्या खोलीत लावले, आणि त्या वर्षी चित्रकलेचा एकही तास गणिताला गेला नाही. निघण्याच्या दिवशी मी दोघींना भेटायला गेले. मी एक मोठा रंगांचा संच घेतला होता. आजी गाडीत बसलेली होती. तिने काच खाली केली नाही. नात खाली उतरली, संच घेतला, धन्यवाद म्हणाली. मग आपल्या पिशवीतून माझी पट्टी काढून मला दिली.

"तुमची राहिली होती. चित्रावर."

मी कलाकेंद्राच्या पत्त्यावर दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही, आणि ते न येणे मला योग्यच वाटले.

पुढे दोन-तीन वर्षांनी व्यवस्थापकाचा फोन आला. "बाई, आजी गेली. पेपरमध्ये आलंय. आता बघा त्या चित्राचा रेट कुठं जातो." हॉटेलने चित्राखाली एक मोठी पितळी पाटी बसवली. तीवर तिचे नाव ठळक अक्षरांत कोरलेले होते. नातीने मला एकदा सांगितले होते की त्यांच्यात माणूस गेले की त्याचे नाव पुष्कळ दिवस उच्चारत नाहीत, कुठे लिहिलेले असले तर झाकतात. मी हे व्यवस्थापकाला सांगितले आणि पाटी काढून टाकण्याची विनंती केली.

"बाई," तो म्हणाला, "नाव झाकायचं तर मग विकलं काय?"

आम्ही दुबई कायमची सोडण्याच्या थोडे आधी मी ते चित्र पाहायला एकदा गेले. माझी मुलगी बरोबर होती. मी मराठीत सांगत होते, ती इंग्रजीत उत्तरे देत होती. तिला कंटाळा आला आणि ती सोफ्यावर जाऊन बसली. मी तिथे उभी होते आणि मला एक गोष्ट नव्याने कळली. वर्गात मी 'रिकाम्या जागा भरा' आणि 'गाळलेल्या जागा भरा' हे दोन्ही शब्दप्रयोग फळ्यावर वाटेल तसे लिहीत असे. ते एक नाहीत. रिकामी जागा म्हणजे जिथे काहीच नाही. गाळलेली जागा म्हणजे जिथे काय आहे हे कुणाला तरी नक्की ठाऊक आहे, आणि ज्याने उत्तर द्यायचे त्याच्यासाठी ती मुद्दाम सोडलेली आहे. मी मराठी माध्यमातली. हा फरक मला कळायला हवा होता. आणि ते चित्र संकल्पचित्र नव्हते, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्मरणचित्र होते, हेही. झिरा तर मी लहानपणी स्वतःच्या हाताने उकरलेला आहे.

"ताई, तुम्ही मराठी ना?"

सफाईचा गणवेश घातलेला एक मध्यमवयीन माणूस फडके घेऊन मागे उभा होता. आमचे बोलणे त्याने ऐकले असावे. तो खेडचा होता, नऊ वर्षे एकटाच इथे राहत होता.

"एक गंमत दाखवू का? इकडं या, असं जवळ या." त्याने फडके खांद्यावर टाकले आणि बोट चित्राजवळ नेले, न लावता. "हे लोक सांगतात, ऑस्ट्रेलियाचं चित्र. असेल, बाकीचं असेल. पण हे बघा. ही आपली रांगोळी आहे. अकरा ते अकरा. माझी आई दारात हीच घालायची."

"असेल," मी म्हणाले.

"असेल काय, आहेच! सुपरवायझरला दाखवलं तर तो म्हणतो, तू पागल है. त्याला काय कळणार? ताई, रोज सकाळी आलो की मी आधी इथं बघतो, मग ती पाटी पुसतो, मग बाकीचं काम. बरं वाटतं. आपली कोणी बाई इथं येऊन गेली. कोण असेल हो?"

उत्तरपत्रिकेवर नाव नसले तर मी ती तपासत नसे. त्या मुलीला उभी करून विचारत असे, लाज वाटते का स्वतःच्या नावाची.

"कोणी शाळेतली बाई असेल," मी म्हणाले.

"बरोबर! शाळेतलीच. काय सरळ हात आहे!" तो खुश झाला. "मोजून बघा तुम्ही. मोजा ना."

त्याचे बोट एकेका ठिपक्यावरून सरकू लागले. एक, दोन, तीन. तो मोठ्याने मोजत होता, आणि थोड्या वेळाने मीही त्याच्याबरोबर मोजू लागले. अकरा. मग खाली, ओळी. त्याही अकरा. एकही ठिपका चुकलेला नव्हता.